द्राक्षमळ्यातली एकादशी

१० फेब्रुवारी २००८, रविवार. भातसानगर.
स्नेहलने आज सांगितलं. मुलाचं नाव सुयोग. कल्याणच्या कॉलेजात ओळख झाली. आपल्यातलाच आहे. आई नाही, वडील कुंडलिकराव, टिटवाळ्याकडे राइस मिल. इथपर्यंत सगळं चांगलं. नोकरी विचारली तर नाशिकला, वाइनच्या हॉटेलात. चहूबाजूंनी द्राक्षमळा, मध्ये हॉटेल, आणि लोक तिथे मुद्दाम राहायला जातात म्हणे.
माझ्या गळ्यात इतकी वर्षं तुळशीची माळ. धसईला गावच्या दारूबंदी कमिटीचा मी अध्यक्ष. माझा जावई लोकांना बाटल्या उघडून देणार? नाही जमणार. शांतपणे, पण ठामपणे नकार सांगायचा.
हौसाला तसं बोललो. ती म्हणाली, आधी पोरगा तं बघा. म्हटलं, त्यात बघण्यासारखं काही नाही. ती भाकऱ्या थापत राहिली. बायकोला माझं म्हणणं पटलं असावं.

१३ फेब्रुवारी, बुधवार.
कुंडलिकरावांचा फोन. शनिवारी सगळे मिळून नाशिकला जाऊ, तीन रात्री, तीन मळ्यांतली तीन हॉटेलं, सुयोगला सवलत मिळते, पोराचं काम डोळ्यांनी बघा. मी नाहीच म्हणणार होतो. पण फोनवर नकार देणं भित्रेपणाचं. नकार तोंडावर द्यावा. म्हणून हो म्हटलं.
भजनी मंडळातला मृदंगवाला धोंडी कामासाठी भातसा धरणावर, माझ्या नोकरीच्या जागी, आला होता. त्याला सांगितलं, नकार द्यायला चाललोय. म्हणाला, नकाराला तीन दिस लागतात व्हय रे दामू? म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे.

१६ फेब्रुवारी, शनिवार. सकाळ.
कुंडलिकरावांची सुमो. सोबत घरचा डबा, पाण्याचा कॅन, तांब्या, जपाची माळ, त्र्यंबकेश्वराला वाहायचा नारळ. कसारा घाटातच विषय काढणार होतो. हौसाला गाडी लागली. अशा वेळी बरं दिसलं नसतं. इगतपुरीला काढायचं ठरवलं. तिथे कुंडलिकरावांनी वडापाव घेतले. खात असलेल्या माणसाला नकार देऊ नये.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
पहिलं हॉटेल. सुयोग इथेच कामाला. टाय लावलेला. माझी पिशवी त्याने स्वतः उचलली. सगळ्यांच्या हातात लाल ग्लास दिले, माझ्या हातात न विचारता शहाळं. वाकून नमस्कारही केला. असल्या गोष्टींनी मी विरघळत नाही.
खोली मोठी. दार कार्डाने उघडतं. तेच कार्ड भिंतीतल्या खाचेत ठेवायचं असतं. एवढं महत्त्वाचं कार्ड भिंतीत ठेवणं मला पटलं नाही, खिशात ठेवलं. तेव्हापासून दिवे गेलेत. बॅटरीच्या उजेडात लिहितो आहे. न्हाणीघराची भिंत काचेची, पलंगावरून आतलं सगळं दिसतं. हौसाने तिथे लुगडं बांधलं.
उद्या एकादशी. या दारूच्या घरात एकादशी. गेटवर जाऊन एसटीची चौकशी केली. वॉचमन म्हणाला, फाट्यावर मिळेल, पण इथून चालत कुणी जात नाही. मळ्याला चारही बाजूंनी तारेचं कुंपण. परत आलो. पळून जाणं तसंही माझ्या स्वभावात नाही.
नकार उद्या सकाळी.

१७ फेब्रुवारी, रविवार. एकादशी. दुपार.
दुसरं हॉटेल, गंगापूर धरणाच्या पाण्याकाठी. सुयोगही रजा काढून सोबत आला. पाणी दिसलं आणि जरा बरं वाटलं. कुंडलिकरावांना धरणाचे दरवाजे कसे चालतात ते समजावून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं. मध्येच नकार घालणं जमलं नाही.
मळाही पाहिला. एकेका वेलीला मांडव, एकेका घडाला पानांची सावली. इतकी निगा, आणि शेवटी काय, तर दारू. मन खिन्न झालं.
उपासाचं जेवण सुयोगने सांगून ठेवलं होतं, साबुदाण्याची खिचडी. मी नाकारली. त्या भांड्यात आधी काय शिजलं असेल देव जाणे. फळाचं तसं नसतं. फळ देवाने सालीत बांधून दिलेलं. फलाहारच करायचा.
मोठ्या टेबलावर काचेची बरणी होती. सफरचंद, संत्री, नासपती, सगळ्याच्या फोडी, लाल सरबतात. बाई होती तिथे वाढायला, तिला हिंदीत विचारलं, हे काय. म्हणाली, फ्रूट है सर, रात भर भिगोया है. भिजवलेलं पचायला हलकं. तरी खबरदारी म्हणून सरबत सगळं निथळून टाकलं, फक्त फोडी घेतल्या. संयम यालाच म्हणतात. हौसाने एक फोड हुंगली, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या वाटीत टाकली. म्हणाली, मला नको, तुमीच खा.
फार चांगल्या फोडी. पुन्हा एकदा घेतल्या.

त्याच दिवशी, पाच वाजता.
मन विलक्षण शांत आहे. उपास नीट घडला की असं होतं, हे ऐकून होतो. आज अनुभव आला. अंग हलकं. कानशिलं गरम. सगळी माणसं चांगली दिसतात. वॉचमनसुद्धा.
आणखी थोड्या फोडी.

१८ फेब्रुवारी, सोमवार. पहाटे.
काल जे झालं ते नीट लिहून ठेवतो.
सूर्य पाण्यावर टेकला होता. मला आतून अभंग आला. हिरवळीवर उभा राहून म्हटला. दोन गोऱ्या बाया टाळ्या वाजवू लागल्या. कुंडलिकरावांना मिठी मारली. मग स्नेहलकडे लक्ष गेलं. सुयोग तिच्याशेजारी उभा होता, माझा तांब्या घासून हातात धरून. इतकी खूश पोर मी दहावीच्या निकालालाही पाहिली नव्हती. खोलीत गेलो, त्र्यंबकेश्वराचा नारळ आणला, सुयोगच्या हातात ठेवला, कुंकू लावलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, पोरगी तुमची.
हे मी केलं असं म्हणता येणार नाही. एकादशीच्या दिवशी देवाने करून घेतलं. माझा विरोध होता, देवाचा नव्हता. एवढंच.
डोकं जड आहे. उपासाचं पित्त.

त्याच दिवशी, सकाळी नऊ.
नाश्त्याला गेलो. तीच बाई, तीच बरणी. नव्या फोडी टाकून वरून तिने एक बाटली ओतली. पूर्ण. मग दुसरी.
हौसाकडे बघितलं. ती खिडकीतून द्राक्षं बघत होती.

त्याच दिवशी, रात्री. तिसरं हॉटेल.
पोट बिघडलंय सांगून खोलीत बसलो आहे. दारावर दोनदा पेढे आले. कुंडलिकराव बाहेरून व्याही, व्याही अशा हाका मारतात.
शांतपणे विचार केला. मार्ग सोपा आहे. मी शुद्धीत नव्हतो, म्हणून होकार बाद. उद्या गाडीत हे स्पष्ट सांगायचं.
पण शुद्धीत नव्हतो म्हणजे प्यायलो होतो. एकादशीला. गळ्यात माळ असताना. मग माळ उतरवा, ज्यांनी ती घातली त्या महाराजांपुढे उभे राहा, कमिटीचा राजीनामा द्या.
आणि प्यायलो नव्हतो म्हटलं, तर होकार खरा.
दार उघडायला जे कार्ड लागतं ते आतून बाहेर जाताना लागत नाही, हे आज कळलं. तरी बाहेर गेलो नाही.

१९ फेब्रुवारी, मंगळवार. भातसानगर.
गाडीत बोललो नाही. हौसाला पुन्हा गाडी लागेल अशी भीती वाटत होती. तिला लागली नाही.
घरी आल्यावर तिला एकट्यात विचारलं, तुला वास आला होता ना? म्हणाली, आला व्हता. मग बोलली का नाहीस? म्हणाली, तुमी इतक्या दिसांत पोरीसंगती पहिल्यांदा हसून बोलत व्हतात. मोडायचं माझ्या जिवावर आलं. आता मोडायचंच असंल तं मोडा. सांगा धसईला जाऊन, का मोडतंय ते.
म्हटलं, विचार करतो.

२४ फेब्रुवारी, रविवार. धसई.
भजनाला गेलो. बातमी आधीच पोचलेली. धोंडी मृदंगावर हात ठेवून म्हणाला, नकार द्यायला गेलेलास ना रे? नारळ कसा काय दिलास? शुद्धीत व्हतास ना? सगळे हसले.
गळ्यातल्या माळेला हात लावला आणि म्हणालो, पूर्ण शुद्धीत होतो. एकादशी होती. देवाने बुद्धी दिली.
सगळ्यांनी हात जोडले. धोंडीनेसुद्धा.
झालं.

३ मार्च, सोमवार. एकादशी.
लग्न वैशाखात. कुंडलिकरावांनी मंडप सांगितला. माझं मत कुणी विचारलं नाही. मी ते आधीच दिलेलं आहे.
नाशिकहून सुयोगने द्राक्षांची पेटी पाठवली. उपास असेल, म्हणून मुद्दाम आज पोचेल अशी. पेटी उघडताना स्नेहल म्हणाली, बाबा, सुयोगचा निरोप हाय. ही नुसती धुतलेली हायत.
मी एक घड उचलला. हौसा पदर तोंडाला लावून आत गेली.
द्राक्षं गोड आहेत.