शिवपुत्राची फिलॉसॉफी आणि अक्कलकोटचं स्थळ

१२ एप्रिल १९३२
आजपासून रोजनिशी. मी सांगायचं, सून रत्नम्मानं लिहायचं. मला अक्षर येत नाही, डोकं आहे. तिचा मुलगा, माझा नातू शिवपुत्र, पुण्याच्या कॉलेजातून सुट्टीला आलाय. सब्जेक्ट फिलॉसॉफी. म्हणजे काय शिकतोस, विचारलं. मी कोण ते, म्हणाला. एवढ्यासाठी पुणं कशाला, गल्लीत कुणीही सांगेल की. या सुट्टीत लग्न उरकायचं. ठरलं.

१५ एप्रिल
पोरगा आढ्याकडे बघत पडून असतो. दुकानात मिरचीचं पोतं आलं का बघ म्हटलं. पोतं खरंच आहे हे कशावरून म्हणायचं, अज्जी, असं विचारतो. उचलून बघ, म्हटलं. उचललं नाही. लई खोल विषय.

१९ एप्रिल
अक्कलकोटचे विरुपाक्षप्पा, तेलाचे व्यापारी. एकुलती एक मुलगी. मुलगा काय शिकतो, अशी विचारणा आली. बी. ए. एवढंच कळवा, रत्नम्मा म्हणाली. बी. ए. काय, कुणीही होतो. मी निरोप धाडला: मुलगा तत्त्वज्ञान शिकतो, संसार खोटा आहे हे सिद्ध करतो, जेवणाची शुद्ध नसते. रत्नम्मानं कपाळाला हात लावला. उकाडा फार आहे.

२३ एप्रिल
निरोप घेऊन गेलेली सोजरबाई परतली. तिकडची माणसं हात जोडून ऐकत होती म्हणे. माझ्या शब्दाला वजन आहे. शिवपुत्राला सक्त ताकीद: पाहुण्यांपुढे गप्प बसायचं.

३० एप्रिल
पाहुणे आले. शिवपुत्र गप्प. विरुपाक्षप्पांनी तांब्या मागवून त्याचे पाय धुतले. जावयाचे पाय लग्नात धुतात, एवढी घाई कसली, पण बरं वाटलं. मग ते पाणी सगळे तीर्थ म्हणून प्याले. असं तीर्थ स्वामींचं घेतात, जावयाचं नव्हे. मठात स्वामी होणाऱ्याला मुलगी देऊन पाप कोण घेईल, विरुपाक्षप्पा म्हणाले. तिचं टेंभुर्णीला जमवलंय, फक्त आशीर्वाद हवा. मुलगी वाकली. शिवपुत्राची आढ्यावरची नजर पहिल्यांदा खाली आली. मी डोळ्यांनी खुणावलं, बोल. त्यानं ताकीद पाळली. डोक्यावर हात ठेवला.

ते गेल्यावर म्हणाला, अज्जी, मुलगी चांगली होती. जेवला नाही, भिंतीकडे तोंड करून निजलाय.

दुसरी स्थळं येतील, मी म्हटलं. येतील की, पाय धुवायला, रत्नम्मा म्हणाली. हे लिहू नकोस म्हटलं, तरी लिहिलंच.