आभाळातून पडलेला भैरोबा

मी, जयंती रंगनाथ इंगवले, वय ५१, राहणार बनीपार्क, जयपूर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. दम्याने छाती भरली असली तरी डोके ठिकाणावर आहे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक मुलगी विभा हिला द्यावी. मागच्या खोलीतल्या फरशीवरचा डाग घासून गेला नाही. तिने फरशी बदलली तर माझी हरकत नाही.

२. यजमानांचा सूक्ष्मदर्शकही विभाला. त्यांची हातोडी खटल्यानंतर पोलीस परत देत होते. मी घेतली नाही.

३. देवघरातला भैरोबा. वाईजवळ सासऱ्यांच्या शेतात हा काळा दगड आभाळातून पडला, तेव्हापासून घराण्याने पुजला. यजमान सरकारी भूगर्भशास्त्रज्ञ. ते म्हणत, ही उल्का आहे, निव्वळ लोखंड. १९५५ साली त्यांनी तो कापायला घेतला. दीर हणमंत इथल्याच छावणीत हवालदार होते. करवत शेवटाला आली असताना ते घरात आले.

"दादा, देवाला करवत लावू नका."

"हणमंता, आत काय आहे ते तरी बघ. मग खुशाल पूज."

देव दुभंगला आणि दिरांनी हातोडी उचलली. यजमान खाली पडल्यावरही ते मारत राहिले. मी मध्ये पडले, तर माझे मनगट मोडले.

कोर्टात दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले होते. तज्ज्ञाने तेजाब लावल्यावर कापलेल्या अंगावर एकमेकींना छेदणाऱ्या चंदेरी रेघा उमटल्या होत्या. त्या पाहून दिरांनी पिंजऱ्यातून हात जोडले. ते हात तोडावेत असे मला वाटले. आजही वाटते.

दोन्ही तुकडे विभाच्या कॉलेजच्या संग्रहालयाला द्यावेत. पाटीवर यजमानांचे नाव असावे. शेंदूर लावू नये.

४. गेल्या वर्षी दीर शिक्षा भोगून दारात आले. मी हातातली सांडशी त्यांच्या तोंडावर मारली. ओठ फाटला. ते जागचे हलले नाहीत.

"वहिनी, त्या रेघा कशाच्या, तेवढं सांगा."

मी दार लावून घेतले. ते रोज येऊन पायरीवर बसू लागले. शेवटी विभानेच त्यांना सांगितले, की ते लोखंड लाखो वर्षे हळूहळू निवत गेले, त्याच्या त्या खुणा. मी आतून ऐकत होते. समजावण्याची ढब अगदी वडिलांची.

दिरांना माझे काहीही मिळू नये. अग्नी विभाने द्यावा. त्यांनी चितेला हात लावू नये.

ज्याला काही मिळायचे नाही तोच साक्षीदार असावा, असे वकील म्हणाले. म्हणून दिरांना बोलावले आहे. सहीआधी त्यांनी हे मोठ्याने वाचावे. तिसरे कलम दोनदा.

जयपूर, ९ मार्च १९६६
सही: जयंती रंगनाथ इंगवले

साक्षीदार:
डॉ. नंदकिशोर माथुर, शेजारी
हणमंत इंगवले, दीर. वाचले. तिसरे कलम दोनदा वाचले. लिहिले ते खरे आहे.