जास्तीचा वेत

प्रिय बाळ्या,

चाळिशीला टेकलेल्या माणसाला बाळ्या म्हणू नये हे मला कळतं. पण जो माणूस आईचा फोन कापतो आणि "आई तो क्लास सोडेपर्यंत मी घरी पाऊल ठेवणार नाही" असा निरोप मावशीकडे ठेवतो, त्याला दुसरं काय म्हणायचं? फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. हे फाडशील, पण आधी वाचशील. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

पहिली गोष्ट ही डोक्यात घे, की मी तिथे तुझ्या बायकोला भेटायला गेले नव्हते. पूर्वीच्या बायकोला. तीन वर्षं झाली तरी तोंडात बसत नाही, त्याला मी काय करू? सकाळी माझी बोटं आखडतात, ब्लाउजचे हूक लागत नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाताला काहीतरी काम द्या. वाचनालयाच्या वरच्या खोलीत वेताच्या टोपल्या विणायला शिकवतात, म्हणून नाव घातलं. पहिल्या दिवशी दार ढकललं तर ही बया खिडकीपाशी, मांडीवर ओला वेत घेऊन बसलेली! मला वाटलं, ती उठून जाईल. तिला वाटलं, मी जाईन. मी का जाऊ? बरं, रिकामी खुर्ची एकच, तिच्या शेजारची.

त्यात वेत म्हणजे तुझ्यासारखाच. कमी भिजवला की काडकन मोडतो, जास्त भिजवला की काळा पडतो, आणि वाळला की आक्रसतो. घट्ट म्हणून विणलेली टोपली घरी नेऊन ठेवावी, तर चार दिवसांत खिळखिळी. खोलीभर बादल्या, पायाखाली ओले तुकडे, साडीच्या काठाला कायम पाणी. शिकवणाऱ्या बाई बोलतात कमी आणि टाळ्या वाजवतात जास्त. टाळी वाजली की हातातली टोपली उजवीकडच्याला द्यायची आणि डावीकडून येईल ती पुढे विणायची. एकाच हाताची टोपली वाकडी होते, असं त्यांचं म्हणणं. माझा हात आवळतो, माझ्या टोपलीचं तोंड सुरईसारखं निमुळतं होतं. हिचा हात सैल, हिची टोपली परातीसारखी पसरते. माझ्या उजवीकडे ती, म्हणजे मी जीव खाऊन आवळलेलं सगळं हिच्या मांडीवर जाऊन ढिलं होणार!

डावीकडे दातांचे डॉक्टर, आता निवृत्त झालेले. दुसऱ्याच्या टोपलीतही किडकी जागा शोधत असतात. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "लेक अगदी तुमच्यावर गेलीय हो. रागावल्यावर तर भुवईसुद्धा तीच वर जाते." मी म्हटलं, लेक नाही, सून आहे. ती मान वर न करता म्हणाली, "होते." बिचारे डॉक्टर मग क्लास सुटेपर्यंत नुसत्या वेताशी बोलत राहिले. तरी ही मला आईच म्हणते. मी बजावलं, अगं, आता काकू म्हण, मावशी म्हण, काहीही म्हण. तर म्हणते, "सवय आहे हो, आई. ती काय वकिलाने थोडीच काढून घेतली?"

आता तुझी मावशी ज्याला 'सासू-सुनेचं गुळपीठ' म्हणते ना, ते कसं झालं ते ऐक. टोपलीचे उभे वेत विषम लागतात. पाच, सात, नऊ, काहीही, पण विषम. तरच एक वर, एक खाली असं विणत फिरताना दुसऱ्या फेरीला वीण उलटते आणि धरून राहते. सम झाले की प्रत्येक फेरी आधीच्याच वाटेने जाते आणि सगळं सरळ खाली घसरतं. मी नीट मोजून घातले होते. टाळी वाजली, टोपली हिच्याकडे गेली, आणि हिने त्यात एक जास्तीचा वेत दिला खोचून! का? तर, "तिथे फट दिसत होती." फट दिसली की भरायची. तू जेवताना तोंड मिटून बसायचास, तेव्हाही हीच एकटी बडबड करून ती भरत असायची. चहानंतर टोपली माझ्याकडे परत आली. मी फेऱ्यांवर फेऱ्या घालते आहे आणि वीण काही धरत नाही. एकमेकींकडे बघायचं नाही, या नादात टोपलीकडेही दोघींनी नीट बघितलं नव्हतं. कळलं तेव्हा मी सगळ्यांसमोर तिला फाडफाड बोलले. तीही बोलली. डॉक्टर बादलीतलं पाणी बदलायला निघून गेले.

बाईंनी काय करावं? तो वेत उपटू दिला नाही. विणायला दुसरा लांब वेत आणून तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "सम झालेत ना? मग दोन वेतांनी विणा. ज्या उभ्यावर एकीचा वेत बाहेरून, तिथे दुसरीचा आतून. पुढचीला गाठायचं नाही आणि मागे रेंगाळायचंही नाही." झालं! एका टोपलीवर दोघी, गुडघ्याला गुडघा लावून. "आई, किती ओढता!" "अगं, तू किती सोडतेस!" क्लासभर हेच. ती उशिरा येते. बोलता बोलता हातातलं टोक सोडून देते. माझा अंगठा सोलवटला की न विचारता चिकटपट्टी लावते, आणि तीही वाकडी लावते. डोकं उठवते नुसतं. मात्र तुझ्याबद्दल एक अक्षर बोलत नाही, वाईटही नाही. तू मावशीपाशी तिच्याबद्दल काय काय बोलतोस, तेही माझ्या कानावर येतं.

आठ वर्षं ती या घरात होती. एका सकाळी बाहेरच्या खोलीतलं कपाट अर्धं रिकामं झालं, आणि तू दारात बूट घालता घालता मला सांगितलंस, की आता ती आपली कुणी नाही. बुटाची नाडी बांधून झाली, तुझं सांगूनही झालं. मी हातात केरसुणी घेऊन तशीच उभी. त्यानंतर या विषयावर तू माझ्याशी बोललास तो थेट परवा, तेही मावशीच्या तोंडून.

तर आता ऐक. गेल्या खेपेला आम्ही टोपलीचा काठ वळवत होतो, तेव्हा तिने सांगितलं, की ती लग्न करते आहे. शाळेत चित्रकला शिकवणारा कुणी आहे. तिचे वडील नाहीत, हे तुला माहीत आहेच. तिच्या आईने कळवलंय, "या लग्नाला मी येणार नाही." नोंदणीच्या वेळी साक्षीदार लागतात. "आई, तुम्ही सही कराल?" मी भडकलेच. म्हटलं, तुला जगात दुसरं कुणी मिळालं नाही? ते डॉक्टर बसलेत ना शेजारी, त्यांना विचार! तर म्हणाली, "ते दुसरे साक्षीदार आहेत." यावर माणसाने काय करावं? मी हो म्हटलं. येत्या सोमवारी सकाळी आहे. मावशीने सांगण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तुम्ही दोघांनी वेगळं होण्याच्या कागदांवर सह्या केल्यात, तेव्हा माझी कुणी मागितली नव्हती. आता एकीने मागितली आहे आणि मी ती करणार आहे. तुला राग येणार. येऊ दे. पण रागवायचं असेल तर घरी ये, समोर बस आणि रागव. मावशीच्या तोंडून आलेला राग मला ऐकू येत नाही.

तुझीच, आणि हे कुठल्याही कागदावर रद्द होत नसतं,
आई