मोजणी संपेपर्यंत पाणी नाही

नाना, आधी मी माझ्या हाताने काय काय केलं ते लिहितो. तुम्ही मोजणीदार, तुम्हाला पुढचं ऐकण्याआधी हद्दी लागायच्या. बाभळीच्या लाकडाचा दाब-शिकंजा, त्यात आजही बांधलेली पुस्तकं दाबतो. सागाचं कपाट, एकही खिळा नाही, सगळे सांधे खाचेचे. बर्गंडी या परदेशी वाइनच्या मुलखातल्या डोंगरउताराचा नमुना, लाकडी पाटावर, खाली आपली काळी माती, मध्ये चुनखडीचा चुरा, वर मुरूम, आणि बांधांच्या जागी मेणाचा दोरा. वाइनमधले वास ओळखायला भरलेल्या वासाच्या बाटल्या: जांभूळ, करवंद, लवंग, कुजलेला पाला, जुनं कातडं, पावसात भिजलेली वीट. आणि चार पानांची एक छापील यादी, 'बर्गंडीची वाइन समजायची तर काय वाचावं'. तिचं टायपिंग, शिवण, कडा कापणं, सगळं मीच केलं. कुणाकडे शिकायला गेलो नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

सुरुवात तुमच्यापासूनच झाली. शहाद्याच्या स्टँडमागे पुस्तकबांधणीचं दुकान टाकून वर्षही झालं नव्हतं. शेतकी कॉलेजातले एक प्राध्यापक उसवलेलं इंग्रजी पुस्तक बांधायला टाकून गेले, बदली झाली आणि परत आलेच नाहीत. आत सगळे नकाशे, बर्गंडीच्या द्राक्षमळ्यांचे. तुम्ही ऑफिसातून आलात, मोजणीच्या साखळीची पिशवी कोपऱ्यात ठेवलीत आणि सुकत पसरलेल्या पानांवर वाकलात. तुम्हाला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. तरी बोट ठेवून म्हणालात, "हाऊ नकाशा कोनी काढा रे? त्याले जमीन समजस." मग एका रेघेवर थांबलात. "बांध एकच शे, मंग नावं दोन कसाले?" तुम्ही चष्म्यावरून नुसतं पाहिलंत. ते पाहणं मला शिवीपेक्षा जास्त लागायचं. उत्तर शोधायला मी डिक्शनरी घेऊन बसलो, आणि तो बसलो तो बसलोच. आईला कुणीतरी सांगितलं की पुस्तक दारूचं आहे. तेव्हापासून ते देवघराच्या भिंतीला लागून ठेवायचं नाही, असा तिचा हुकूम निघाला.

उत्तर तुम्हाला देता आलं नाही, तुम्ही त्याआधीच गेलात. आता देतो. तिथे लाल वाइनला मुख्य द्राक्ष एकच, पांढरीलाही एकच. फरक सगळा जमिनीचा. उतार पूर्वेकडे, मधला पट्टा उत्तम, खालचा भारी आणि ओलसर, वरचा उघडा. एका बांधाच्या अलीकडे एक चव, पलीकडे दुसरी, म्हणून नावं दोन. ते बांध मठातल्या साधूंनी पिढ्यान्‌पिढ्या चाखून चाखून ठरवले. पुढे वारसांत वाटण्या झाल्या. आज एकाच दगडी भिंतीच्या आत कितीतरी खातेदार आहेत, कुणाच्या नावे वेलींच्या दोनच ओळी. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, आपल्या तापीकाठच्या सातबाऱ्यासारखंच आहे की. माझी यादी त्याच क्रमाने जाते. आधी नकाशांचं पुस्तक, तेही शब्द न वाचता, नुसतं बोट फिरवत. मग मठांचा आणि वाटण्यांचा इतिहास. मग द्राक्षं लावणाऱ्यांनी स्वतः लिहिलेलं, त्यात गारपीट, बुरशी आणि भाऊबंदकी असते. वाइनला शंभरपैकी गुण देणारी पुस्तकं सगळ्यात शेवटी, आणि तीही वगळली तर नुकसान नाही. दुसऱ्याच्या जिभेवर विसंबून जमीन कळत नाही, असं मी तिथे ठळक अक्षरात छापलंय.

हे वाक्य वाचून मागच्या महिन्यात नाशिककडचे एक वाइनरीचे मालक गाडी घेऊन दुकानात आले. मी डिंक शिजवत होतो. ते स्टुलावर बसले, आधी कपाट पाहिलं, मग पाटावरचा उतार. मग म्हणाले, "सर, तुमच्या यादीवर आमच्याकडे कामाला असलेली पोरं वाइनची परदेशी परीक्षा पास झाली. तुम्ही कुठल्या वर्षी गेला होतात तिकडे?" मी म्हटलं, "मी मुंबईला एकदाच गेलोय, मशीन आणायला." ते हसले, त्यांना मी गंमत करतोय असं वाटलं. माणूस वाईट नव्हता. त्यांना त्यांच्या लोकांना शिकवायला मी हवा होतो. सगळं बोलणं झाल्यावर त्यांनी पिशवीतून बाटली काढली. तिच्यावरच्या चिठ्ठीतलं गाव मी लगेच ओळखलं. पाटावर त्याचा तुकडा माझ्या अंगठ्याएवढा आहे, मधल्या पट्ट्यात, तुम्ही बोट ठेवलं होतं त्या बांधाला लागून.

"अट म्हणू नका," ते म्हणाले, "पण पोरांसमोर बसणार तर सोबत चाखायला लागेल. आज आपल्या दोघांतच सुरुवात करू."

त्यांनी स्वतःचे दोन ग्लास आणले होते, रुमालात गुंडाळून. एकात माझ्यासाठी ओतली. रंग मी वाचला होता तसाच, पातळ, आरपार दिसणारा. नवशिके त्याला फिकं समजतात. बायको चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. शेजारच्या रसवंतीची घुंगरं वाजत होती. माझ्या बोटांना डिंक लागलेला, ग्लासाच्या दांडीला चिकटत होता. मी नाक जवळ नेलं. नाना, मला माझ्या वासाच्या बाटल्यांतली एकही आठवेना. जांभूळ नाही, पाला नाही, वीट नाही. काहीतरी होतं, पण मला त्याचं नाव माहीत नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, जसे बांधावर उभे दोन भाऊ तुमच्या साखळीकडे पाहायचे.

"ल्या ना एक घोट," बायको हळूच म्हणाली. "नाना काही वरथून देखी नई ऱ्हायनात."

तिने तुमचं नाव काढलं आणि मला वाट सापडली. मी ग्लास खाली ठेवला. त्यांना तुमची गोष्ट सांगितली. आमचे वडील मोजणीदार होते, कागदाच्या बाहेर एक इंच सरकत नसत. भांडणाच्या शेतावर गेले की स्वतःची पाण्याची पिशवी बरोबर न्यायचे. उन्हात जीव गेला तरी वादीच्या घरचं पाणी नाही, प्रतिवादीच्याही नाही. कुणी लोटा पुढे केला की म्हणायचे, "मोजणी व्हई जाऊ दे, मंग पानी." मीही तसाच, म्हटलं. कुठली पुस्तकं खरी, कुठली पोकळ, हे मी ठरवतो. मी कुणाचीच वाइन घेत नाही. त्यांची मान खाली गेली. इतका आदर मला कुणी दिला नव्हता. "सर, हे आमच्या पोरांना सांगायलाच हवं," म्हणाले. तरी नोकरी कायम, चाखायचं काम दुसऱ्याला देऊ, असंही म्हणाले. मग मी त्यालाही नाही म्हटलं. आवाज चढला माझा, कारण नसताना. ते उठले. बाटली मात्र नेली नाही, "वहिनी, राहू द्या," म्हणून गेले.

ते गेल्यावर बायकोने माझा ग्लास उचलला. मोरीत ओतेल असं वाटलं. तिने करंगळी बुडवली, चाटली, मग सरळ घोटच घेतला. "तुरट शे," म्हणाली. "जांभूयनी साल चावावर लागस तसं. पन तोंडमा लई येळ ऱ्हास." चहाचे कप घेऊन ती आत गेली. तोंडात किती वेळ राहतं यावर मी एक अख्खं प्रकरण वाचलंय, तीनदा. मला तिला त्या चवीबद्दल आणखी विचारायचं होतं, विचारलं नाही. तेव्हापासून दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाशी मी उगाच खेकसतो आणि ती मला काही विचारत नाही.

कारण गोष्ट मी अर्धीच सांगितली. मी लहानपणी तुमच्याबरोबर मोजणीला यायचो, मला उरलेली अर्धी ठाऊक आहे. खुणा ठोकून झाल्या, पंचनाम्यावर सह्या झाल्या की तुम्ही साखळी गुंडाळायचात आणि ज्याच्या विरुद्ध बांध सरकला असेल त्याच्याच ओट्यावर जाऊन बसायचात. "आते आन रे पानी." तो माणूस रागाने लाल झालेला असायचा, पण लोटा आणायचा. तुम्ही तो पूर्ण प्यायचात. तुमचा नियम पाणी टाळायचा नव्हताच. मोजणी संपवायची आणि मग ज्याच्या घरी जायला जड जातं तिथेच प्यायचं, असा तो होता.

माझी मोजणी कधीच झाली होती. यादी छापली तेव्हाच. त्यानंतर पाणी पिणं, म्हणजे वाइनचा पहिला घोट घेणं, राहिलं होतं, आणि समोर आलं तेव्हा मी घाबरलो. ती चव पुस्तकांसारखी निघाली नसती तर इतक्या वर्षांचं हे पुस्तकांचं कपाट कशासाठी, असं मनात आलं. आणि हुबेहूब निघाली असती तरी मला ओळखता आली नसती, हे त्याहून वाईट. मी तुमचं नाव पुढे केलं आणि मागे उभा राहिलो. सातबारा बघताना तुम्ही दुसऱ्याच्या नावाआड लपणाऱ्या माणसाला काय म्हणायचात ते इथे लिहीत नाही.

हे तुम्हाला पोचायचं नाही. हा कागद जाड आहे, त्या नकाशांच्या पुस्तकाला नवा पुठ्ठा घालतोय, त्याच्या भरीला जाईल. बाटली खाली कपाटात आहे, बूच घट्ट बसवलंय, तरी उघडलेली वाइन टिकत नाही हे माझ्याच यादीत लिहिलंय. उतारा अपुरा ठेवणं तुम्हाला खपायचं नाही, म्हणून मी काय नाकारलं ते पूर्ण नोंदवतो: शिकवायची कायम नोकरी, पुस्तकांना स्वतंत्र खोली, वर्षातून एकदा त्या उतारावर प्रत्यक्ष नेऊन तुमचा तो बांध पायांनी दाखवणं, आणि महिना ऐंशी हजार रुपये.