खोक्यावरचा वेग

रत्नागिरी,
बुधवार, दुपारचे सव्वातीन

नासिरमामूंना भाचा अनस याचा अदबीने सलाम. तुमचा गुडघा जहाजाच्या शिड्या चढू देतो ना आता? इकडे सगळे खुशाल आहेत. तुमची मनाल दाभोळला सासरी रुळते आहे आणि मामीची तब्येत ठणठणीत आहे (हे आत्ताच कळलं, माझ्यावर पाऊण तास ओरडल्या, पण धाप म्हणून लागली नाही).

घडलं ते असं. मनालच्या लग्नाला तुम्हाला रजा मिळाली नाही, आणि जहाजावरच्या नेटवर एक फोटोसुद्धा धड उघडत नाही, म्हणून अख्खं लग्नच तुमच्याकडे धाडायचं मी मनावर घेतलं. पावसचा धाकू तुमच्याच जहाजावर रुजू व्हायला निघालाय. साडेचारला स्टेशनवर जाता जाता तो पार्सल नेणार. मी काडेपेटीएवढी एसएसडी, म्हणजे व्हिडिओ साठवायची डबी, आणली. खोक्यावर छापलं होतं, सेकंदाला हजार एमबी. आपलं लग्न चारशे जीबीचं (त्यातलं बरंचसं माझं ड्रोन), म्हणजे सात मिनिटांचं काम. त्या भरवशावर मी सकाळी निवांत झोपलो, अडीचला कॉपी लावली आणि सगळ्यांना सांगून जेवायला बसलो. सुरुवातीला डबी अशी पळाली की मामीसुद्धा कौतुकाने बघत राहिल्या. पहिली भाकरी संपेपर्यंत ती गळपटली. हजाराचे साठ झाले, आणि स्क्रीनवर सात मिनिटांच्या जागी दीड तास दिसायला लागला.

दुकानदाराला फोन केला. तो बिचारा समजावून सांगत होता की डबीत पुढे एक छोटी पडवी असते, तिच्यात माल भराभर टाकता येतो. पडवी भरली की एकेक पोतं आतल्या कोठारात वाहावं लागतं, आणि खोक्यावर छापतात तो वेग पडवीचा. शिवाय डबी तापली की आणखी मंदावते. म्हणून मामींनी ती उपड्या ताटावर ठेवलीय आणि समोर टेबलफॅन लावलाय. (मी बारावीत पहिली चाचणी कशी दिली होती आणि नंतर काय झालं, याचीही त्यांनी या निमित्ताने आठवण काढली.) मला दुसरं काम नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

ता. क. पंखा लावूनही डबी तापून आणखी मंदावली, आणि धाकूची रिक्षा दारात उभी आहे. मामींनी विचारलं, रुखसत गेली का, पोरीची पाठवणी? मामू, लग्न तारखेच्या क्रमाने भरत होतं. मांडवाचे खांब गेले, बिर्याणीच्या देगी गेल्या, ड्रोनमधून आपलं कौलारू छप्पर तर चारही बाजूंनी गेलं. रुखसत सगळ्यात शेवटी होती. मामी एवढंच म्हणाल्या, "देगी त्यांनी खूप पाहिल्यात. पोरगी पाठव." ही अक्कल मला अडीच वाजता यायला हवी होती. बाकी सगळं थांबवून रुखसतीची फक्त पाच मिनिटं भरतोय. धाकू थांबायला तयार आहे. डबी हळू आहे, पण चालते आहे.

आणखी एक. गाडीत बसताना मनाल तुमचं नाव घेऊन फार रडली. तेवढं कापून टाक, अब्बा तिकडे एकटे असतात, असं सांगून तिने मला शपथ घातली होती. मामींनी ती मोडायला लावली. हेच त्यांना बघू दे म्हणाल्या. तेव्हा एक विनंती. मनालने फोनवर विचारलं तर सांगा, अनसने आणलेली डबी फुकट निघाली, काहीच उघडलं नाही. माझं नाव खुशाल खराब करा. आणि बघाल तेव्हा केबिनचं दार लावून घ्या.

तुमचा,
अनस