चौपाखी माळ्यातला धूर

दिघोरी, १२ मे १९७८

आपलं छप्पर चारही बाजूंनी उतरतं, त्यामुळे माळ्यावर खिडकी काढायला भिंतच नाही. तिथल्या बियाण्याच्या धानाला कुबट वास येतो. पेरलं तर उगवेल का? म्हणून आज पावसाआधी छपरावर कवेलू फेरायला आलेल्या रामाजीनं शेंड्याशी एक कवेलू उचलून फट ठेवली. मी माळ्यावर उदबत्ती लावून बसलो. धूर जागचा हलेना! फट असून काहून?

रामाजी छपरावरूनच म्हणाला, "मास्तर, वारा खालून घुसन तवाच वरून निघन ना. वळचणीत चिंध्या कोनं कोंबल्या जी?"

मीच. चिमण्या धान खातात म्हणून, गेल्या वर्षी.

चिंध्या ओढल्या. धूर सरळ फटीकडे निघाला. त्याच्याकडे बघत होतो, तेवढ्यात वळचणीतून चिमणी आत. धानात तिचाही वाटा धरावा लागेल आता.