राक्षसांशी गोड बोलणाऱ्या दादाला

दादा,

आईला दवाखान्यात घेऊन चाललेय. ती बाथरूममध्ये घसरून पडली, पाय बहुतेक मोडलाय. तुझ्या भिंतीच्या पलीकडेच पडून तुला हाका मारत होती, आणि तुझ्या कानांवर हेडफोन. ऐकलं कुणी, तर वरच्या मजल्यावरच्या काकूंनी! मी कामावरून आले तेव्हा त्या आपलं दार बडवत होत्या.

मी तुझ्या खोलीच्या दारात येऊन "दादा!" म्हणून ओरडले. तू मागे वळूनही न बघता हात वर केलास, थांब म्हणून. पडद्यावर तो शिंगवाला राक्षस विचारत होता, "मी तुझ्याबरोबर का यावं?" आणि तो बिथरू नये म्हणून तू उत्तर निवडत बसला होतास. केवढा तो विचार! त्या जुन्या गेममधल्या एकेका राक्षसाला गोंजारून, त्याला हवं-नको विचारून तू आपल्या बाजूला वळवतोस. आईने जेवायला हाक मारली की मात्र नुसतं "हं". बाबा गेल्यापासून तिच्याशी धड एक वाक्य बोलला नाहीस. दुःख काय तुला एकट्यालाच झालंय का रे?

वर ती मलाच म्हणते, "त्याला काही बोलू नकोस, घाबरेल तो." म्हणून लिहितेय.

चौकातल्या हाडांच्या दवाखान्यात असू. तिचा चष्मा उशीशेजारी राहिलाय, तो आण. आणि मान खाली घालून खाटेजवळ बसायला येऊ नकोस. तिच्याशी बोलणार असशील तरच ये.